बूट उतारावर कळतो

मे महिना उजाडला की फोन सुरू होतात. कुणाचा हिमालयातला पहिला ट्रेक ठरलेला असतो, कुणाला पावसाळ्यात सह्याद्री गाठायचा असतो, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: “ताई, कुठल्या कंपनीचे शूज घेऊ?” मी नाव सांगत नाही, उलटतपासणी घेते. जाणार कुठे? पाठीवर वजन किती? चवडा रुंद की अरुंद? आधीच्या बुटात नेमकं कुठं दुखत होतं? निम्मे लोक इथेच कंटाळतात आणि ज्या जोडीला सगळ्यात जास्त तारे मिळालेत ती घरपोच मागवून मोकळे होतात. उरलेल्यांसाठी हे लिहिते आहे. मी पावलांची डॉक्टर नाही, बूट विकतही नाही. घाटवाटा तुडवताना आणि मुक्कामी ट्रेकवर दुसऱ्यांच्या फोडांना पट्ट्या लावताना जे साचत गेलं, तेवढंच यात आहे.

१. पाऊल मोजा. नंबर नंतर.

“मला आठ लागतो,” असं माणूस जन्मतारीख सांगावी इतक्या खात्रीने सांगतो. पण नंबर हा कंपनीचा हिशोब असतो. आपल्याकडे रूढ असलेला ब्रिटिश नंबर एका आकड्याला एक तृतीयांश इंच, म्हणजे जवळजवळ साडेआठ मिलिमीटर वाढतो. युरोपातला नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरने वाढतो. अमेरिकेतला भाचा बूट आणणार असेल, तर पुरुषांचा तिथला नऊ म्हणजे साधारण आपला आठ, आणि बायकांचा आकडा त्याहून आणखी पुढे सरकलेला. तेव्हा भाच्याला नंबर न कळवता मिलिमीटर कळवावेत.

मोजायचं संध्याकाळी. दिवसभराच्या वावराने पाऊल थोडं फुगलेलं असतं, आणि डोंगरात तर ते दुपारनंतर हमखास फुगतं. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, पाठीला भरलेली सॅक लावायची आणि दुसऱ्या कुणालातरी खूण करायला सांगायची. स्वतः वाकून खूण केली की भार सरकतो आणि माप चुकतं. दोन्ही पाय मोजायचे. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो आणि बूट त्या मोठ्याच्या मापाने घ्यायचा. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असणारेही पुष्कळ असतात. त्यांनी अंगठ्यापर्यंत माप घेऊन काही उपयोग नाही.

२. पुढे मोकळं, मागे घट्ट.

चढावर कुठलाही बूट गुणी वाटतो. त्याची परीक्षा उतारावर होते. तोरण्याहून वेल्ह्याकडे किंवा कळसूबाईहून बारीकडे उतरताना प्रत्येक पावलाला सगळं वजन पुढे ढकललं जातं आणि बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात. हजारभर पायऱ्या झाल्या की अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळतं, नख काळं पडतं, महिन्याभराने गळून जातं. “नवीन बुटाने नख घेतलं,” असं आमच्यात म्हणतात, जणू काही तो बुटाचा हक्कच आहे.

यावर पुष्कळ जण एक नंबर मोठा बूट घेतात आणि त्यांचं दुसरंही नख जातं. बूट लांब असून टाच आत हलत असेल, तर पाऊल अधिकच जोराने पुढे घसरतं. बोटांपुढे सेंटिमीटरभर मोकळी जागा हवी, पण ती जागा टिकवायचं काम टाचेचं आणि पावलाच्या वरच्या भागाचं असतं. दुकानात लेस पूर्ण सैल करून पाऊल पुढे सरकवा. टोकाला बोटं लागल्यावर टाचेमागे हाताचं एक बोट मावलं पाहिजे. मग टाच मागे ठोकून लेस नीट बांधा आणि दुकानाच्या जिन्याची पायरी उतरा. जिना नसेल तर बुटाचं टोक दोन-चारदा जमिनीवर आपटा. बोटं पुढे लागली तर तो जोड खाली ठेवा, किंमत कितीही उतरवून मिळत असली तरी.

आणखी एक युक्ती. आतला सुटा तळ बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्याच्यावर उभे राहा. करंगळीची बाजू किंवा चवड्याचा फुगवटा तळाबाहेर सांडत असेल, तर तो भाग बुटात रोज दाबला जाणार आहे. “वापरून सैल होतील,” हे दुकानदाराचं वाक्य निम्मं खरं. चामडं रुंदीला थोडं सैलावतं, पण लांबीला कुठलाच बूट वाढत नाही.

३. आपली पावलं रुंद आहेत.

बहुतेक ट्रेकिंग बूट युरोप-अमेरिकेतल्या पावलांच्या साच्यावर बनतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या एक लाखाहून अधिक लोकांची पावलं मोजली आणि भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा रुंद असल्याचं त्यातून पुढे आलं. आपल्यासाठी ‘भ’ नावाची स्वतंत्र मापपद्धती आणण्याची खटपट त्यातूनच सुरू झाली. अर्धं बालपण अनवाणी नाहीतर चपलेत काढलेल्या माणसाला यासाठी सर्वेक्षणाची गरज नाही, पण कारखानदाराला असते.

तोवर काय करायचं? रुंदी मिळावी म्हणून लांबी वाढवणं हा आपल्याकडचा रूढ उपाय आहे आणि तोच नखं घेतो. काही कंपन्या एकाच लांबीत दोन रुंदी देतात. त्या मागून घ्याव्यात. नसतील तर ज्यांचा पुढचा भाग मुळातच पसरट असतो अशा जोड्या शोधाव्यात. बूट वरून पाहिला की लगेच कळतं: टोक अंगठ्याच्या बाजूला सरळ जातं की मध्ये निमुळतं होतं.

बायकांची गोष्ट आणखी वेगळी. माझ्या उमेदीच्या काळात “लेडीजमध्ये ट्रेकिंगचं येत नाही,” हे उत्तर ऐकून आम्ही मुलग्यांचे कॅनव्हासचे बूट घ्यायचो. बाईची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. त्या बुटात चवडा बसायचा आणि टाच तरंगायची. आम्ही टाचेला कापसाचं पॅड चिकटवून गड चढलो. आता बायकांच्या साच्यावरचे बूट मिळतात. मात्र नुसता गुलाबी पट्टा लावलेला पुरुषांचा बूटही त्याच फळीवर असतो, म्हणून टाच तपासल्याशिवाय रंगावर जाऊ नका.

४. दुकानात जाताना डोंगरातले मोजे आणि जुना जोड बरोबर न्या. जुन्या बुटाचा तळ कुठं झिजलाय, आतलं अस्तर कुठं फाटलंय, हे पाहून जाणकार विक्रेता तुमच्या चालीबद्दल तुमच्याहून जास्त सांगू शकतो. असा विक्रेता भेटला तर चार पैसे जास्त पडले तरी बूट त्याच्याकडूनच घ्यावा.

५. सह्याद्रीत तळ पाहा, बाकीचं मागाहून.

१९३५ साली इटली-स्वित्झर्लंड सीमेवरच्या पुंता रासिका या शिखरावर इटालियन गिर्यारोहकांचा एक गट वादळात सापडला. त्या काळी वरच्या कातळावर चढताना खिळ्यांचे जड बूट खाली ठेवून पातळ, मऊ तळाचे जोडे घालायची पद्धत होती. बर्फ पडल्यावर त्या जोड्यांत खाली उतरणं अशक्य झालं. सहा जण दगावले. त्यांचा सहकारी विताले ब्रामानी या मिलानच्या गिर्यारोहकाने मग कातळ, बर्फ आणि पायवाट या तिन्हींवर चालेल असा रबरी तळ करायचा ध्यास घेतला. टायर बनवणाऱ्या पिरेल्लीच्या मदतीने १९३७ मध्ये खाचांचा तो तळ बाजारात आला. त्याच्या नावा-आडनावाची पहिली अक्षरं जोडून झालेलं ‘विब्राम’ हे नाव आज निम्म्या जगाच्या बुटांखाली पिवळ्या अष्टकोनात दिसतं. १९५४ साली के-२ वर पहिलं पाऊल पडलं तेही याच तळाचं.

पण पिवळा अष्टकोन पाहून डोळे मिटून बूट घेऊ नये. एकच कंपनी मऊ-कडक असे अनेक प्रकारचे रबर बनवते. मऊ रबर ओल्या कातळाला धरतं आणि लवकर झिजतं; कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं आणि ओल्या बेसॉल्टवर दगा देतं. बर्फासाठी नाहीतर मैलोन्‌मैल चालायच्या वाटांसाठी केलेला कडक तळ घालून जुलैत नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड गाठायला निघालेल्या माणसाची प्रत्येक धोंड्यावर तारांबळ उडते. तळाच्या कडेला अंगठ्याचं नख दाबून पाहा. किंचित रुतलं तर सह्याद्रीसाठी बरं. पावसाळी चिखलासाठी खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब हव्यात, नाहीतर लाल माती त्यांत भरून राहते आणि तळ सपाट होतो. कातळटप्प्यासाठी टोकाखाली थोडी सपाट जागा असली, तर पावठीवर पाऊल नीट टेकतं.

हिरव्या शेवाळावर मात्र कुठलाच तळ चालत नाही. तिथे बसून उतरायचं, लाज वाटली तरी.

६. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला पाऊस बघून किंमत द्या.

१९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा तयार केला. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. हिमालयात सकाळच्या दवात, विरघळत्या बर्फात, ओढ्याकाठच्या चिखलात वॉटरप्रूफ बुटाच्या आतला हा पडदा पैसे वसूल करतो.

सह्याद्रीतला आषाढ वेगळा. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक तीन-चार महिन्यांतच. हे पाणी बुटाच्या कापडातून शिरत नाही, पायावरून ओघळत वरच्या तोंडातून शिरतं. ओढा ओलांडताना तर सरळ भरतं. एकदा आत गेलं की तोच पडदा त्याला बाहेर पडू देत नाही. वाफ बाहेर जायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी, आणि श्रावणात ती कोरडी नसतेच. वॉटरप्रूफ बूट मग दोन-तीन दिवस ओला राहतो. पावसाळी सह्याद्रीसाठी मी जाळीदार कापडाचा, पाणी शिरेल तसं बाहेर जाईल असा हलका बूट सुचवते. पाय भिजणारच हे गृहीत धरायचं आणि रात्रीसाठी कोरडे मोजे दुहेरी पिशवीत बांधून ठेवायचे.

म्हणून दोन्हीकडे चालेल असा एकच बूट शोधू नये. फारच ओढाताण असेल तर हिमालयासाठी चांगला घ्यावा आणि सह्याद्रीत स्वस्तातला झिजवावा. उलट करू नये.

७. घोट्यापर्यंतचा बूट मुरगळणं थांबवेल याची खात्री नाही.

ही समजूत फार घट्ट आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत बास्केटबॉल खेळणाऱ्या सहाशेवर विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने उंच आणि बुटके जोडे वाटून पाहिले, तर घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मैदान म्हणजे डोंगर नव्हे, हे मान्य. पण उंच बूट घातल्यावर माणूस पाऊल कुठं पडतंय ते बघेनासा होतो, हेही मी पाहिलं आहे. उंच गळ्याचे खरे फायदे दुसरे: खडे आत जात नाहीत, धोंड्यावर घोटा खरचटत नाही, करवंदीची काटेरी जाळी नडगीपर्यंत पोचत नाही. कोयनेच्या जंगलात जळवांना चढायला चार इंच जास्त लागतात. तेवढ्यासाठी घ्यायचा असेल तर जरूर घ्या.

८. वजन आणि कडकपणा यांचा सौदा पाठीवरचं ओझं ठरवतं.

पायातला एक किलो पाठीवरच्या पाच किलोंच्या बरोबरीचा, असं जुने गिर्यारोहक सांगत आले आहेत. अमेरिकी लष्कराने मोजलं तेव्हाही हे गुणोत्तर पाच-सहापटीच्या आसपासच निघालं. दर पावलाला ते वजन उचलायचं, पुढे न्यायचं आणि थांबवायचं असतं. एका दिवसाच्या ट्रेकला पाठीवर पाण्याच्या बाटल्या आणि भाकऱ्या एवढंच असताना सव्वा किलोचे बूट घालणं म्हणजे स्वतःलाच दंड करणं.

मग जड, कडक बूट बनतात कुणासाठी? परदेशी कॅटलॉगांत ‘पर्वतातील शिकारीसाठी’ असा वेगळा विभाग असतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचा रस्ता बंद होत गेला, त्यामुळे तो विभाग आपण पान उलटून सोडून देतो. पण ते बूट तसे का असतात हे समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत एल्क नावाचं तीनशे किलोंच्या घरातलं हरीण मारलं, तर त्याचं मांस पाठीवर लादून, अनेक खेपा करून, वाट नसलेल्या उतारावरून खाली आणावं लागतं. त्या चालीत पाऊल सपाट पडतच नाही. सगळा भार बुटाच्या एका कडेवर येतो. तळ मऊ असेल तर तो वळतो आणि पाऊल उताराच्या बाजूला कलंडतं. म्हणून त्यांचा तळ फळीसारखा ताठ, गळा आठ-दहा इंची आणि चामड्याभोवती रबराची जाड पट्टी.

कड्याच्या पोटातून घसाऱ्यावर किंवा वाळल्या गवतावर आडवं जायचा ट्रॅव्हर्स ज्याने केलाय, त्याला हे लगेच पटेल. बूट निवडताना टाच एका हातात, टोक दुसऱ्या हातात धरून धुणं पिळतात तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर तो दिवसाभराच्या वाटेचा. जोर लावूनही जेमतेम हलला तर तो पंधरा-वीस किलोंची सॅक घेऊन कित्येक दिवस चालण्याचा. हल्ली हिमालयात बहुतेकांचं सामान खेचरं नेतात. पाठीवर पाच-सात किलो नेणाऱ्याला ताठ बूट पोटऱ्या दुखवण्यापलीकडे फारसं काही देत नाही.

९. टिकाऊ म्हणजे काय, ते बुटाच्या पोटात शिरून बघावं लागतं.

बाहेरून दिसतो तो कातळाला लागणारा रबरी तळ आणि वरचं चामडं किंवा कापड. या दोघांच्या मध्ये जो जाड मऊ थर असतो त्याला मिडसोल म्हणतात, आणि बुटाचं आयुष्य बहुधा तोच ठरवतो. तो मुख्यत्वे दोन प्रकारचा असतो. ईव्हीए हलका, पायाला लगेच गोड लागणारा. पण वापराने दबत जातो, आणि वरून बूट नवा दिसत असताना आतला मऊपणा संपलेला असतो. पॉलियुरेथेन म्हणजे पीयू जड, पण ओझ्याखाली कितीतरी जास्त टिकतो. म्हणून महाग, दणकट बुटांत तो असतो.

आणि त्याच बुटांना एक गुप्त रोग असतो. पीयूच्या साखळ्या हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटतात. बूट न वापरता ठेवला तरी तुटतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून माळ्यावर टाकला तर आणखी भराभर. मुंबई-कोकणच्या हवेत तर विचारूच नका. वरून काहीच दिसत नाही. हर की दूनच्या वाटेवर आमच्या एका सोबत्याने असाच, मोठ्या हौसेने आणलेला आणि वर्षानुवर्षं जपून ठेवलेला युरोपीय जोड काढला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी एका बुटाचा तळ टाचेकडून सुटला, संध्याकाळी दुसऱ्याचा. आत पाहिलं तर मिडसोल वाळल्या वडीसारखा चुरा होऊन पडत होता. दोरी आणि चिकटपट्टीने बांधून तो सांक्रीपर्यंत चालला. चुरा झालेल्या थराला कुठलंही सोल्युशन धरत नाही.

तेव्हा तीन गोष्टी. जुन्या साठ्यातला बूट सवलतीत मिळत असेल तर आत शिवलेल्या पट्टीवर बनवल्याची तारीख आहे का ते बघा. वर्षानुवर्षं ठेवलेल्या बुटाच्या मिडसोलवर मोठ्या ट्रेकआधी नख दाबा, तळ वाकवा, बारीक चिरा दिसल्या तर तो घरीच राहू द्या. आणि बूट जपून ठेवू नका, घाला. भाजी आणायला घातला तरी चालेल.

वरच्या भागाचं सोपं आहे: जितके तुकडे कमी आणि जितकी शिलाई कमी, तितका बूट जास्त दिवस जातो. शिवण बहुधा पाऊल वळतं त्या घडीवरच उसवते. टोकाला रबराची टोपी असलेला बूट धोंड्यांतून दुप्पट काळ निभावतो असं माझं निरीक्षण आहे.

१०. नवे बूट आणले की आधी चांभाराकडे नेऊन तळाला चौफेर शिलाई मारून घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. बहुतेक तळ नुसते चिकटवलेले असतात आणि सह्याद्रीच्या उन्हात चिकटवण उकलते, म्हणून ती रीत पडली. स्वस्त, सपाट कडेच्या बुटांना अजूनही मारून घ्यावी. मात्र शिलाई तळाच्या कडेला खाच करून त्यात बसवायला सांगा, नाहीतर दोरा पहिल्याच कातळावर घासून तुटतो. वॉटरप्रूफ बुटाला मात्र सुई लावू देऊ नका. पडद्याची चाळण होते. आणि सोबत एक जाड दाभण, मेण लावलेला दोरा एवढं ठेवावं. वजन काहीच नाही.

११. लेस बांधायची कला अर्धा बूट बदलते.

पावलाच्या पुढच्या भागावर सैल, घोट्याच्या वळणावर घट्ट. या दोन भागांत ताण वेगळा राहावा म्हणून मध्ये लेसची टोकं एकदा न गुंडाळता दोनदा गुंडाळायची. मग खालचा ताण वर सरकत नाही. टाच हलत असेल तर सगळ्यात वरच्या छिद्रांत दोन्ही बाजूंना लेस त्याच बाजूने परत घालून लहान फास करायचा, समोरच्या लेसचं टोक त्यातून ओवून खाली खेचायचं आणि मग गाठ मारायची. पावलाच्या वरच्या उंचवट्यावर दुखत असेल तर तिथे तिढा न घालता लेस सरळ वर न्यायची.

चढ संपून उतार सुरू होतो तिथे थांबायचं आणि लेस पुन्हा बांधायची. गटात मी हे ओरडून सांगते. लोक फोटो काढत असतात.

१२. सुती मोजे घरी.

ओली कातडी कोरडीपेक्षा जास्त चिकटून घासते, आणि सुती मोजा घाम पिऊन तो तसाच धरून ठेवतो. लोकरीचा नाहीतर कृत्रिम धाग्याचा मोजा हवा, टाचेला जाड, बोटांवर शिवण नसलेला. पाऊल अजून पुरतं दुखत नाही, नुसतं एका जागी गरम लागतंय, तेव्हाच थांबून तिथे पट्टी लावायची. दवाखान्यात मिळणारी साधी कागदी चिकटपट्टी पुरते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाळवंटांतल्या अडीचशे किलोमीटरच्या शर्यतींत धावणाऱ्यांच्या पावलांवर हीच पट्टी आधीच लावून पाहिली, तेव्हा फोड जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाले. पाच मिनिटं थांबल्याने गट मागे पडतो अशी लाज बाळगणारा माणूस दुसऱ्या दिवशी गटाला तासभर थांबवतो.

ट्रेकला निघायच्या तीन-चार दिवस आधी नखं सरळ कापावीत, आदल्या रात्री नव्हे.

१३. कोरा बूट घालून थेट गाडीत बसू नका. पर्वतीच्या पायऱ्या, आतकरवाडीकडून सिंहगड, मुंबईकरांना राष्ट्रीय उद्यान, जे जवळ असेल ते. कापडी बूट दोन-तीन फेऱ्यांत बसतो, जाड चामडं जास्त वेळ घेतं. खरेदीची पावती तोवर जपून ठेवा, आणि पहिल्या फेऱ्या घरातल्या घरात करा. तळाला माती लागली की बूट परत घेताना दुकानदाराचा चेहरा बदलतो.

१४. ओला बूट चुलीपासून लांब ठेवा. गडाखालच्या घरी मुक्काम असला की घरची मावशी मायेने बूट चुलीच्या कडेला लावते. उष्णतेने चिकटवण सुटते आणि चामडं तडकतं. आतला तळ काढायचा, लेस सैल करायची, रद्दी कोंबायची, तासाभराने ती ओली रद्दी बदलायची. मावशीला नाराज न करता बूट हलवायचा असेल तर “कुत्रं नेईल” असं सांगावं. ते बहुधा खरंही असतं.

१५. “वाटाड्या चपलेत चालतो, मग आम्हाला बूट कशाला?”

हा प्रश्न प्रत्येक गटात एकजण विचारतोच. हिमालयात तो नेपाळी हमालांच्या पायांतल्या गोल्डस्टार बुटांकडे बोट दाखवतो, सह्याद्रीत वाटाड्याच्या प्लॅस्टिकच्या सँडलकडे. वाटाड्याची बोटं लहानपणापासून मोकळी पसरलेली असतात, तळव्याची कातडी जाड असते, वाटेवरचा सुटा दगड कुठला हे त्याला पाठ असतं, आणि चालताना तो बोलत नाही. आपण आठवडाभर खुर्चीत बसून शनिवारी तिथे पोचतो. शिवाय त्याला बूट नको असतात असं आपणच ठरवलेलं असतं.

रतनगडाच्या बाजूच्या एका ठाकर वाटाड्याने मला एकदा स्वतःहून विचारलं, “ताई, असं बूट केवढ्याला?” मी कागद मांडला, त्याचं पाऊल रेखून घेतलं आणि पुण्यात दुकानं पालथी घातली. लांबी सहा नंबरची आणि रुंदी अशी की नऊ नंबरचा बूटही चवड्याला आवळत होता. ट्रेकिंगच्या एकाही दुकानात त्याच्या मापाचं काही नव्हतं. शेवटी कारखान्यातल्या कामगारांसाठी सेफ्टी शूज विकणाऱ्याकडे पसरट टोकाचा, लोखंडी टोपी नसलेला जोड सापडला. तो त्याला अगदी बरोबर बसला. राजूरच्या बाजाराला आणि लग्नाकार्याला तो घालतो. गडावर अजून सँडलच.